नालछ्याचे बहात्तर दिवस

आमच्या कन्येला परवा कॉलेजात एक निबंध लिहायला सांगितला होता. विषय, 'टाळेबंदीतील माझे घर'. 2020 साली ती तेरा वर्षांची होती. तिच्या आठवणीत त्या दिवसांचे पत्ते, कैऱ्या आणि गच्चीवरची झोप एवढेच उरले आहे. तेव्हा वही घेऊन ती माझ्याकडे आली आणि विचारती झाली, "बाबा, तुम्ही तेव्हा दिवसभर काय करत होता?" मी चष्मा पुसून काही भारदस्त उत्तराची जुळवाजुळव करीत होतो. 'रियाझ' हा शब्द ओठांवर आलाही होता. इतक्यात माजघरातून आमच्या मातोश्रींचा आवाज आला, "तो? तो कुरकुर करत होता."

मातोश्रींचे वय त्र्याऐंशी. कान अजून तिखट आहेत आणि स्मरणशक्ती त्याहून. त्यामुळे मी वाद घातला नाही. पण निबंधाचे काम कन्येने उरकले तरी तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. वास्तविक आपण माळव्यातली जुनी मराठी मंडळी कुरकुरीला काही वाईट मानीत नाही. सकाळी पोह्यांबरोबर शेव लागते तशी बातम्यांबरोबर कुरकुर. पण त्या बहात्तर दिवसांत तिचा एक वेगळाच अर्थ मला कळला. तो सांगायचा तर नालछ्यापासून सुरुवात करावी लागेल.

धारहून मांडूला जाताना, मांडूच्या थोडे अलीकडे, नालछा लागते. आपले इंदूरकर सहलीला जाताना गाडीची काचसुद्धा खाली न करता तिथून पुढे जातात. त्यांचे चित्त रूपमतीच्या महालात आणि खुरासानी चिंचेत गुंतलेले असते. पण नालछ्यालाही जुना मान आहे. मांडूच्या सुलतानांच्या काळी तिथे तळी, बागा आणि वाडे होते. माळव्याचा इतिहास लिहिणारे जॉन माल्कमसाहेब 1818 नंतर या मुलुखात होते, तेव्हा उन्हाळ्यासाठी त्यांनी तिथलाच एक पडका महाल दुरुस्त करून घेतला होता. पुढे धारच्या पवारांच्या राज्यात माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, तिथे कारकून होते. संस्थान गेले, कारकुनी गेली. दोन खोल्या, एक ओटला, मागे कडुनिंब आणि थोडी कोरडवाहू जमीन एवढे राहिले. मातोश्री दर हिवाळ्यात तिथे जाऊन राहतात. इंदुरात श्वास कोंडतो म्हणतात.

2020 च्या मार्चमध्ये 21 तारखेला, शनिवारी, त्यांना आणण्यासाठी आम्ही तिघे नालछ्याला गेलो. बरोबर दोन दिवसांचे कपडे. पाडवा 25 ला होता. गुढी तिथेच उभारून दुसऱ्या दिवशी इंदूर गाठायचे असा बेत. रविवारी जनता कर्फ्यू झाला. मंगळवारी रात्री आठ वाजता पंतप्रधानांचे भाषण झाले आणि मध्यरात्रीपासून देश बंद. पाडव्याला आम्ही गुढीवर सौभाग्यवतीचेच एक धुतलेले लुगडे चढवले, कारण दुसरे नव्हते. एकवीस दिवसांचा हिशेब पुढे वाढत गेला, इंदुरात तर रोग्यांचे आकडे भराभरा चढले, आणि आम्ही घरी परतलो ते 31 मे उजाडल्यावर.

माझी कुरकुर सुरू झाली ती जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी. पाच वाजता सर्वांनी ताटे-वाट्या वाजवाव्यात असे सांगितले होते. नालछ्याने ते मनापासून केले. पोरे छपरांवर चढली, कुणी पातेले बडवले, कुणी शंख फुंकला. त्यामागची भावना मला मान्य होती. पण दहा मिनिटांच्या त्या कचेरीत एकालाही एकदासुद्धा सम सापडली नाही. मी तसे बोलून दाखवले. मातोश्री म्हणाल्या, "डॉक्टरांचे आभार मानायचे आहेत, तुझी परीक्षा नाही चालली."

आता आमचा दिवस कसा जाई ते सांगतो. पहाटे साडेचारला उठायचे ही वडिलांनी लावलेली सवय. माझे वडील देवासच्या धाकट्या पातीच्या दरबारात गवई होते. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये आणि दोन दरबार, हे आजच्या मुलांना सांगितले तर विनोद वाटतो. 1943 साली, सतराव्या वर्षी, ते नोकरीला लागले. 1948 ला संस्थाने विलीन झाली आणि ते इंदुरात शाळामास्तर झाले. दरबारची नोकरी अवघी पाच वर्षांची, पण तिच्या गोष्टी पुढे पन्नास वर्षे पुरल्या. मी त्यांच्या उतारवयातला; माझ्या जन्माच्या वेळी ते बावन्न वर्षांचे होते.

त्यांचा एक मिरजेचा तंबोरा नालछ्याच्या घरात खुंटीला टांगलेला होता. तो मी उतरवला, धूळ पुसली. भोपळा शाबूत होता, पण पंचमाची तार तुटलेली. गावात तार मिळे ती कुंपणाची. जवारीला घालायचे सूतही कुजलेले. ते मातोश्रींच्या समईच्या वातीतून काढून घेतले. पण पंचम काही मिळेना. जोड आणि खर्ज तेवढे बोलायचे. मग मी पंचम वर्ज्य असलेले राग गायला लागलो. पहाटे ललित, संध्याकाळी मारवा किंवा पूरिया, रात्री मालकंस. मोजून पाहिले तर त्यांत सबंध दिवस भागतो. सौभाग्यवती म्हणाली, "बाहेर सगळंच बंद आहे, त्यात तुमचा पंचमही."

रियाझानंतर चहा, आणि चहाबरोबर वर्तमानपत्र नाही, ही दुसरी कुरकुर. बसगाड्या बंद, त्यामुळे छापलेला कागद गावात येईना. वर्षानुवर्षांची सवय. हाताला कागद हवा. एके दिवशी मी स्वयंपाकघरातल्या फळ्यांवरचे डबे उतरवून खाली अंथरलेली जुनी वर्तमानपत्रे वाचून काढली. कोणा नाटक कंपनीचा दौरा, कोणाचा षष्ट्यब्दिपूर्ती समारंभ, सराफ्यात सोन्याचा भाव. सारे इतके शांत, इतके व्यवस्थित वाटले की डबे परत ठेवायचे राहूनच गेले. त्याबद्दल घरात जे बोलणे झाले ते इथे देत नाही.

नऊ वाजता दूरदर्शनवर रामायण. 28 मार्चपासून ते पुन्हा दाखवू लागले होते. मातोश्री आंघोळ करून, पदर सारखा करून बसत. दहानंतर मी शिकवण्यांसाठी फोन घेऊन गच्चीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभा राही, कारण घरात तेवढ्याच ठिकाणी फोनला रेंज असे. शिकवण्या कसल्या! मी इकडे षड्ज लावावा, तो इंदूरला पोहोचेपर्यंत शिष्या ऋषभावर गेलेली. एकत्र गाणे म्हणून नाहीच. एक बोलला की दुसऱ्याने थांबायचे. त्याहून मोठी गंमत अशी की, या यंत्रांत मागचा गोंगाट आपोआप गाळण्याची सोय असते, आणि ती तंबोऱ्यालाच गोंगाट समजून गाळून टाकी. पंख्याची घरघर गाळावी तसा षड्ज गाळलेला! मी तो फोन त्या दिवशी फेकलाच असता, पण घरात येणारे चार पैसे त्याच्यातूनच येत होते. निम्म्या शिकवण्या तर एप्रिलच्या फीआधीच बंद पडल्या. तो हिशेब मी रात्री गच्चीवर एकटाच करीत असे.

आणि संध्याकाळी बातम्या. कुरकुरीचे खरे अंग तेव्हा रंगात येई. भोपाळात 20 मार्चला एक मुख्यमंत्री गेले, 23 ला दुसरे आले, आणि 21 एप्रिलपर्यंत मंत्रिमंडळच नाही. एवढी साथ चाललेली आणि राज्याला आरोग्यमंत्री नाही, यावर मी रोज एक भाषण करी. बातम्यांच्या वाहिन्यांवर आठ चौकटींत आठ माणसे आठ पट्ट्यांत ओरडत. साथ कशाने पसरली यापेक्षा कोणी पसरवली यात त्यांना अधिक रस. मग अमेरिकेचे आकडे, इटलीचे आकडे. दिवे लावण्याच्या रात्री, 5 एप्रिलला, नऊ वाजता नऊ मिनिटे आम्हीही ओटल्यावर पणत्या लावल्या. त्यावरही मी काही शेरा मारल्याचे मातोश्रींना आठवते. मला आठवत नाही.

अशाच एका रात्री, मी बराच वेळ बोलल्यावर, मातोश्री म्हणाल्या, "तुझे वडील असते तर तुला कुमारांची गोष्ट सांगितली असती."

ती गोष्ट मला पाठ होती. आमच्या वडिलांची सांगण्याची रीत अशी की, आपल्याला ती नव्याने ऐकल्यासारखे करावे लागे. कुमार गंधर्व 1948 च्या जानेवारीअखेर देवासला आले ते मैफलीला नव्हे, क्षयाने गाठले म्हणून. वय चोविशीच्या आत. लहानपणापासून गाण्याने लोकांना वेड लावलेला, मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकलेला हा तरुण, आणि डॉक्टरांनी गाणे साफ बंद केलेले. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसीन हे औषध तेव्हा नवे होते. माळव्याची कोरडी हवा मानवेल एवढ्या आशेवर खाटेवर पडायचे. पाच-सहा वर्षे असे गेल्यावर ते पुन्हा गाऊ लागले. त्या पडून राहण्यात कानांवर काय पडले, तर रस्त्याने जाणाऱ्या बायकांची, भजनी लोकांची, लग्नातली गाणी. त्यातून पुढे धुनउगम राग आले, 1965 साली 'अनुपरागविलास' आले. वडील देवासचे; रजबअली खाँसाहेबांच्या गावात वाढलेले. ते म्हणत, "गाणं बंद केलं होतं डॉक्टरांनी. कान नव्हते बंद केले."

मातोश्रींना एवढेच सुचवायचे होते की बडबड थांबव. मी मात्र तेव्हा ते मनावर घेतले नाही. कुमार कुठे, आपण कुठे, असे म्हणून कूस बदलली. आता वाटते, तो नम्रपणा नव्हता, आळस होता. कारण ऐकण्यासारखे जे होते ते रोज संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन उभे राहत होते.

आमची ती कोरडवाहू जमीन वाट्याने करणारा एक भिल्ल शेतकरी आहे. साठीचा, काटक, फार थोडे बोलणारा. घर बंद असते तेव्हा राखतोही तोच. त्याचा थोरला मुलगा, या भागातली किती तरी पोरे जातात तसा, बांधकामाच्या कामावर बाहेर गेलेला होता. तेव्हाच्या औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे कुठेसा. बातम्यांच्या वेळी हा माणूस निंबाखाली, अंतर राखून, गमछा तोंडाला बांधून उभा राही. बातम्या संपल्या की विचारी, "मास्साब, समाचार में कंई बोल्या?"

आणि मी त्याला सांगे! भोपाळचे सांगे, अमेरिकेचे सांगे, वाहिन्यांवरच्या त्या आठ माणसांचे सांगे. तो मान हलवी, थोडा थांबे आणि निघून जाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. एप्रिलच्या अखेरीस, त्या दिवशी आणखी एक शिकवणी सुटली होती, मी त्याच्यावर खेकसलो. म्हटले, "रोज रोज काय विचारतोस? काही विशेष असलं तर मी सांगणार नाही का?" तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, पण निंबाखाली नव्हे, कुंपणाच्या बाहेर उभा राहिला.

सौभाग्यवतीने मला जेवताना सांगितले, "त्याला एवढंच हवं असतं हो, की रस्ता उघडला का. त्याचा मुलगा तिकडून यायचा आहे. तुम्ही त्याला इटली सांगता."

महिनाभर एक माणूस एकच गोष्ट विचारीत होता. सुराचा चतुर्थांश इकडेतिकडे झाला तर शिष्याला थांबवणारा मी, मला ती ऐकू आली नव्हती.

मेच्या पहिल्या आठवड्यात मुलाने कोणाच्या तरी फोनवरून कळवले की मुकादम पळाला, पैसे संपले, आम्ही पाच-सहा जण पायीच निघत आहोत. वाट कोणती, ते बोलणे तुटल्यामुळे कळले नाही. धुळ्यावरून बिजासनचा घाट चढून सेंधव्याला यायचे ही सरळ वाट. पण रस्त्यावर पोलीस अडवतात म्हणून पुष्कळ लोक रेल्वेच्या रुळांवरून चालत होते. पुढे तीन दिवस फोन लागला नाही.

8 मे, शुक्रवार. पहाटेचा ललित आटोपून मी सहज फोन पाहिला, तर बातमी होती. जालन्याहून रुळांवरून चालत निघालेले मजूर थकून करमाडजवळ रुळांवरच झोपले आणि पहाटे मालगाडी त्यांच्यावरून गेली. सोळा मेले. ते भुसावळला गाडी मिळेल या आशेने निघाले होते. मजूर मध्य प्रदेशचे. एवढेच. जिल्हा नाही, नावे नाहीत.

मी उठून त्याच्या झोपडीपर्यंत गेलो. टाळेबंदीत प्रथमच घराचा उंबरा ओलांडून तीन शेते पलीकडे गेलो. त्याला सांगितले. तो माझ्याबरोबर आला, त्याची बायकोही आली. मातोश्रींनी त्या दिवशी अंतराचा नियम बाजूला ठेवला आणि दोघांना ओटल्यावर बसवले. रामायण लावले नाही. दूरचित्रवाणी बातम्यांवर, मी गच्चीच्या कोपऱ्यात फोनवर. धारला, इंदूरला, ज्याला ज्याला वर्तमानपत्रातला कोणी ओळखीचा असेल त्याला विचारीत. पडद्यावर रुळांवर विखुरलेल्या पोळ्या दिसत होत्या. तीच आठ माणसे तशीच ओरडत होती. मी एक अक्षर बोललो नाही. प्रत्येक शब्द कान देऊन ऐकत होतो, न जाणो एखादे नाव येईल.

दुपारी जिल्हे कळले. शहडोल आणि उमरिया. आमच्या धारचे कोणी नव्हते. मी गच्चीवरून जवळजवळ धावतच खाली आलो आणि सांगितले. आम्ही सारे सुटल्यासारखे झालो. सौभाग्यवतीने चहा टाकला. त्या सुटकेची मला आजही थोडी लाज वाटते. पण ती झाली होती हे खोटे कसे सांगू?

त्याने चहाचा पेला खाली ठेवला आणि विचारले, उमरिया किती लांब? मी म्हटले, फार लांब, पार जबलपूरच्या पलीकडे. त्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, तिथल्या घरच्या लोकांना कोणी सांगितले असेल? तिथे कोणी मास्साब असेल का?

मला उत्तर देता आले नाही.

मुलगा 13 मेला आला. दोनशेवर किलोमीटर काही पायी, काही मालमोटारींतून काढून बिजासनला पोहोचला होता. त्या नाक्यावर त्या दिवसांत हजारो माणसे अडकलेली होती. तिथून सरकारने सोडलेल्या बसने धार, तिथे तपासणी, मग चौदा दिवस शाळेच्या इमारतीत मुक्काम. बाप संध्याकाळी निंबाखाली आला. कुंपणाच्या बाहेर नव्हे, आत. म्हणाला, "छोरो आइग्यो, मास्साब." आणि बातम्या सुरू व्हायच्या आधीच निघून गेला. शाळेच्या कुंपणापलीकडून मुलाला बघायला त्याला जायचे होते. मातोश्रींनी कैरीच्या लोणच्याची एक बरणी त्याच्या हातात दिली. त्या रात्री मी मारवा गायलो. पंचम नव्हताच, पण त्याची आठवण झाली नाही.

31 मेला आम्ही इंदूरला आलो. जूनमध्ये बाजार उघडल्यावर तंबोऱ्याला तार बसवली. शिकवण्या हळूहळू परत आल्या, सगळ्या नव्हे. वर्तमानपत्र पुन्हा सकाळच्या चहाबरोबर येऊ लागले. मी कुरकुर सोडली असे म्हणणे धाडसाचे होईल. मातोश्री आत बसल्या आहेत. पण एक कळले. बातमीवर कुरकुर करता येते ती आपले माणूस तिच्यात अडकलेले नसते म्हणून. ज्याचा मुलगा रस्त्यावर आहे त्याला भोपाळवर टीका करायला सवड नसते. तो कान देऊन रस्ता ऐकत असतो. म्हणून हल्ली मी एखाद्या बातमीवर तोंड उघडण्याआधी जरा थांबून मनाशी विचारतो, ही ऐकायला निंबाखाली कोण उभे आहे? पुष्कळदा उत्तर सुचत नाही आणि मी बोलून जातो. एखादे दिवशी सुचते.

2024 च्या दिवाळीत आम्ही नालछ्याला गेलो होतो. मुलगा आता दूर जात नाही. बापाबरोबर शेत करतो, अधूनमधून धारला कामाला जातो. संध्याकाळी मी बातम्या लावल्या. म्हातारा सवयीने आला, पण या खेपेला ओटल्यावर, माझ्या शेजारी टेकला. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये सांगतात आणि मंडीत व्यापारी त्याच्या खालीच बोली करतात, यावर त्याने सुरुवात केली. मग खताची रांग, मग विजेचा खेळखंडोबा, मग आजची पोरे फोनमधून डोके वर काढत नाहीत हे. मी बातम्यांचा आवाज कमी केला. अर्धा तास त्याने मला एक शब्दही बोलू दिला नाही.

आतून मातोश्री म्हणाल्या, "बरा दिसतोय हो आता."